कापू की गोळी देऊ?

चि. डॉक्टरीणबाईंना अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोनोग्राफीचा फोटो मिळाला. २७ वर्षांची मुलगी, लग्नाला एक वर्ष, डाव्या ओव्हरीत ५ सेंटिमीटरची, जुन्या रक्ताने भरलेली चॉकलेट सिस्ट, दर पाळीला तीन दिवस अंथरूण. आणि खाली तुझा प्रश्न, कापू की गोळी देऊ?

पत्र मी दोनदा वाचलं. सासूला नातू हवाय हे त्यात आहे, नवऱ्याला लवकर काय ते एकदा उरकून हवंय हेही आहे. तिला स्वतःला काय हवंय, याची एक ओळ नाही. तेव्हा पुढच्या खेपेला सासूबाईंना बाहेर बसव, दार लोटून घे आणि तिला विचार. दुखणं थांबायला हवंय, की मूल हवंय, आणि हवं असेल तर कधी? एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढण्याच्या या आजारात, वाटा इथेच फुटतात. आपल्याकडची हार्मोनची औषधं एकतर बीज तयार होणं दाबतात नाहीतर अस्तर सुकवतात. ती चालू असताना दिवस जाण्याची आशा धरता येत नाही. ‘आधी सहा महिने गोळ्या घे, मग चटकन राहील’ असं आमच्या पिढीने कितीतरी जणींना सांगितलं. अभ्यासात ते टिकलं नाही. त्या बिचाऱ्यांचे सहा महिने मात्र गेले.

‘एवढ्यात नको’ म्हणाली तर गोळीपासून सुरुवात कर. डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी, २ मिलिग्रॅम, रोज एक, मध्ये खंड नाही. पण चिठ्ठी लिहिण्याआधी पाच मिनिटं बोल. पहिले काही महिने अधूनमधून डाग लागतील हे सांग. नाही सांगितलंस, तर पंधराव्या दिवशी गोळी बंद. शिवाय घरात अजून शिवाशिव पाळत असतील तर रोजचा डाग म्हणजे रोज स्वयंपाकघराबाहेर. मग गोळीवर राग निघणारच. डोकं दुखेल, मन उदास होईल, तेही विचारत जा, बायका आपणहून सांगत नाहीत. ही गोळी गर्भनिरोधक म्हणून मान्य झालेली नाही, तेव्हा नवऱ्याला कंडोम वापरायला सांग. पैशाची ओढाताण असेल तर साध्या गर्भनिरोधक गोळ्या सलग देता येतात, आधी बीपी आणि मायग्रेन विचारून. हार्मोनची तांबी हाही चांगला मार्ग आहे.

आमच्या वेळी या आजारावर डॅनॅझॉल हे औषध होतं. माझी एक पेशंट भजनी मंडळात गायची. दुखणं कमी झालं, पण आवाज जाड झाला तो कायमचा. त्यामुळे आजच्या गोळ्यांना कुणी नावं ठेवली की मला ती बाई आठवते.

आता कापण्याचं. १९९० नंतरची गोष्ट, माझ्या हाताला नुकतीच लॅप्रोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीतून ऑपरेशन करण्याची, सवय झाली होती. २६ वर्षांची मुलगी, दोन्ही ओव्हऱ्यांत सिस्ट. मी दोन्ही सोलून काढल्या, रक्त थांबेना म्हणून बेसुमार जाळलं, आणि फाइलवर ‘शस्त्रक्रिया यशस्वी’ असं लिहिलं. दोन वर्षांनी ती मुलासाठी आली तेव्हा तिची पाळी जवळजवळ गेली होती. सिस्टचं साल ओव्हरीला चिकटलेलं असतं; ते ओढताना चांगली बीजंही सोबत येतात, आणि उरलेली कॉटरीने, रक्त थांबवायला जाळतो त्या उपकरणाने, भाजतात. म्हणून कापण्याआधी एएमएच, म्हणजे बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्तचाचणी, करून घे. दोन्ही बाजूंना असेल तर बीजं गोठवून ठेवायचा विषय आधी काढ. नुसतं पाणी खेचून सिस्ट रिकामी करू नकोस, ती परत भरते. आणि पुढे आयव्हीएफ करायचंच ठरलं असेल तर केवळ त्यासाठी सिस्ट काढून मूल होण्याची शक्यता वाढत नाही.

न थांबता सर्जनकडे पाठवायच्या केसेस वेगळ्या. सिस्टमध्ये घट्ट भाग आणि त्यात रक्तप्रवाह दिसला, आतडं अडलं, किडनी फुगली. किडनीचं विशेष लक्षात ठेव. मूत्रवाहिनी बाहेरून आवळली जाते आणि अनेकदा काही दुखत नाही. कळतं तेव्हा किडनी गेलेली असते. गोळ्यांनी आराम पडला नाही किंवा त्या सोसल्या नाहीत, तर तेही ऑपरेशनला पुरेसं कारण आहे. फक्त निदानासाठी मात्र पोटात दुर्बीण घालू नकोस. आम्हाला शिकवलं होतं, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. मानवी प्रजनन विषयातल्या युरोपियन संस्थेच्या (ESHRE) २०२२ च्या मार्गदर्शिकेने ते मागे टाकलं आहे. सीए-१२५ या रक्तचाचणीवरही निदान करू नकोस. ते ओटीपोटाच्या क्षयातही वाढतं, आणि आपल्याकडे क्षय अजून आहे. हुबेहूब असाच दिसतो, फसवतो.

ऑपरेशन करायचं ठरलंच तर पहिलंच नीट व्हायला हवं. अर्धवट ऑपरेशनानंतर चिकटलेल्या पोटात दुसऱ्यांदा जाणं फार अवघड. गर्भाशयामागे आतडं चिकटलेलं असेल तर तुझ्या तालुक्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये हात घालू नकोस, आतड्याचा आणि मूत्रमार्गाचा सर्जन जिथे शेजारी उभा राहू शकतो तिथे पाठव. आणि टाके काढले की प्रकरण संपलं असं तिला सांगू नकोस. नंतर औषध दिलं नाही तर पाच वर्षांत चाळीस ते पन्नास टक्के जणींना पुन्हा त्रास होतो असे आकडे आहेत. लगेच मूल नको असेल तर ऑपरेशननंतरही गोळी किंवा तांबी चालू ठेवायची. म्हणून म्हणते, ‘की’ घालून विचारलेला तुझा प्रश्नच थोडा चुकीचा आहे; बहुतेकींच्या आयुष्यात ही दोन्ही येतात, फक्त कधी आणि किती हे बदलतं.

घरचे ‘पिशवीच काढून टाका’ म्हणतील, तिथे अजिबात नमू नकोस. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, ते २०१९ साली सरकारला समिती नेमून पाहावं लागलं. या आजारात तर पिशवी काढली आणि तिच्या मागचे आजाराचे ठिपके तसेच राहिले, तर दुखणंही तसंच राहतं.

तू पाठवलेल्या फोटोत गर्भाशयामागची बाजू दिसतच नाही. पुन्हा सोनोग्राफी कर, प्रोब हलकेच दाबून आतडं सरकतंय का बघ, आणि त्याच वेळी दोन्ही किडन्या पाहून घे. बुधवारी दुपारी मी घरी असते. फोन कर, पण तिच्याशी बोलून झाल्यावर.

तुझी,
मॅडम