अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात चर्चने गरिबांसाठी अन्नवाटपापलीकडे काय करावं?

अन्नवाटप चालू राहू द्या, पण तिथे अनेक कुटुंबांचं कंबरडं मोडतं ते हॉस्पिटलच्या बिलाने. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्ज सोडून देण्याची आज्ञा आहे, त्यामुळे हे काम चर्चचंच आहे असं मी ठामपणे म्हणेन.

बरीच चर्च देणगी गोळा करून 'अनड्यू मेडिकल डेट' या संस्थेमार्फत थकबाकी विकत घेऊन माफ करतात. साधारण 1 डॉलरमध्ये 100 डॉलरचं कर्ज मिटतं. मात्र ओळखीच्या अमुक कुटुंबाचं कर्ज निवडता येत नाही, आणि थकबाकी बहुधा जुनी असते. तोवर माणसाने पुष्कळ सोसलेलं असतं.

म्हणून आधी हॉस्पिटलकडे बिलात सवलत किंवा माफी मागण्याचा अर्ज भरायला मदत करा. करमाफी असलेल्या ना-नफा हॉस्पिटलांना लेखी आर्थिक मदत धोरण ठेवावंच लागतं. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून 240 दिवस अर्ज करता येतो. पहिले 120 दिवस वसुलीसाठी कोर्टात खेचता येत नाही. लोक अडतात ते कागदपत्रांवर: पगाराच्या स्लिपा, टॅक्स रिटर्न, उत्पन्नाचे पुरावे. चर्चने आठवड्यातून एक संध्याकाळ दोन जाणती माणसं, एक स्कॅनर आणि गरज असेल तर दुभाषी बसवावा. प्रत्येक अर्जाची प्रत तारखेसह ठेवा.

घाबरून बिल क्रेडिट कार्डावर टाकू देऊ नका, त्यावर व्याज चढतं. डॉक्टरांचं वेगळं बिल या धोरणात येतंच असं नाही. कोण येतं त्याची यादी हॉस्पिटलकडे मागा.