नव्याने रुजू होणाऱ्या एएनएमला (सहायक परिचारिका-प्रसाविकेला)

ऑर्डर हातात पडली की एमओंना (वैद्यकीय अधिकाऱ्यांना) आधी हे विचार: एसबीएच्या (कुशलतेने बाळंतपण करण्याच्या) ट्रेनिंगला माझं नाव कधी पाठवताय? 21 दिवसांचं असतं. "स्टाफ कमी आहे, पुढच्या बॅचला बघू" असं ऐकायला मिळेल. ऐकून गप्प बसू नकोस, लेखी अर्ज दे आणि पोच घे. ट्रेनिंगला गेलीस की रात्रपाळी मागून घे. दिवसा टेबलाभोवती शिकाऊ मुलींची गर्दी, तुझ्या हाताला काही लागायचं नाही.

पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय याचा तक्ता, कळा चालू असतानाच भरायचा. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला, पीव्ही (आतून तपासणी) चार तासांनी. बाळंतपण उरकल्यावर बसून भरलेला कागद लांबून ओळखू येतो: सगळे ठोके 140, रेघ अगदी सरळ! आणि मग बाई अडल्याचं वेळेत कळत नाही, रेफर करायला उशीर होतो.

बाळ बाहेर आलं की पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नाही ना बघ, आणि मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं (रक्तस्राव रोखणारं) इंजेक्शन 10 युनिट मांडीत. अँप्युल फ्रिजमधलीच हवी, ट्रेमध्ये उन्हाळाभर पडलेली नको.

बाईला झटका (फिट) आला तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच 108 च्या रुग्णवाहिकेत चढव. नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नकोस, पुढच्या रुग्णालयाला फोनही कर.

लसीकरणाच्या दिवशी तू गावात नि लेबर रूम रिकामी, हे होणारच. ड्यूटीचा तक्ता एमओंच्या सहीनेच लावून घे, तोंडी नको.