कोरोनाच्या साथीत बालवाडी पुन्हा उघडताना नेमकी कोणती काळजी घ्यावी?

मास्कपेक्षा खिडक्यांकडे बघा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नको, असंच जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ सांगतात. तसंही बालवर्गातला मास्क दहाव्या मिनिटाला हनुवटीवर आणि अकराव्याला शेजारच्याच्या तोंडावर! मास्क हवा तो ताईंना, मावशींना, व्हॅनवाल्या काकांना.

डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० पासून पाळणाघरं आणि लहान मुलांच्या शाळा उघडायला सुरुवात केली, तेव्हा लस आलेलीही नव्हती. त्यांनी मुलांचे छोटे गट केले, ते एकमेकांत मिसळू दिले नाहीत, जमेल तितका वेळ अंगणात काढला आणि हात सारखे धुवायला लावले. पालक फाटकाबाहेरच. यातलं अंगण सोडलं तर बाकी सगळं आपल्या कुठल्याही गल्लीतल्या बालवाडीला जमेल. अंगण नसेल तर निदान एसी बंद आणि दारं-खिडक्या सताड उघड्या.

सुरुवातीला वेळ दोनच तास ठेवा, म्हणजे डब्याची सुट्टीच लागत नाही. एकमेकांच्या डब्यातला घास खाणं या वयात थांबवता येत नाही.

आणि सर्दी-तापाची मुलं घरीच. सकाळी तापाचं औषध पाजून पोराला सोडून जाणारे पालक प्रत्येक वर्गात एक-दोन असतातच. त्यांना दारातूनच परत पाठवायची तयारी आहे का, हे शाळेला आधी विचारा.