बंदुकीच्या गोळ्यांच्या 8 पेट्या आत्ताच भरून ठेवू का?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या एका वाचकानं विचारलंय, रेंजवर शूटिंगचा छंद आहे, महिन्याला 200 राउंड, म्हणजे गोळ्या, लागतात, नियमांमुळं भाव वाढतच चाललेत तर 9 एमएम पिस्तुलाच्या गोळ्यांच्या 8 पेट्या क्रेडिट कार्डवर ऑनलाइन घेऊन टाकू का.

माझं मत, नका घेऊ. एक पेटी म्हणजे 1000 राउंड, म्हणजे तुम्ही तीन वर्षांहून जास्तीचा माल एकदम उचलताय, तोही 24 टक्के व्याजाच्या कार्डवर!

साइटवर पेटीला 240 डॉलर दिसतात हे खरं, पण तुम्हीच पाठवलेला चेकआउटचा स्क्रीनशॉट नीट बघा ना. जुलै 2024 पासून कॅलिफोर्नियात गोळ्यांवर 11 टक्के एक्साइज टॅक्स लागतो, ते 26, सेल्स टॅक्सचे 25 च्या आसपास, आणि माल घरी येत नाही, लायसन्सवाल्या दुकानातच जातो (हा नियम 2018 पासूनचा), तिथला दुकानदार तुमच्याकडून पेटीमागं 30 घेणार. वर बॅकग्राउंड चेकचे (घेणाऱ्याची सरकारी नोंद तपासतात, त्याचे) 5, पूर्वी 1 डॉलर होता तो 2025 च्या जुलैत वाढला. झाले 326, शिपिंग अजून धरलंच नाहीये. तुमच्या जवळच्या दुकानात तीच पेटी 270 ला आहे म्हणता, तर टॅक्स आणि चेक धरून 333 च्या आसपास पडते, म्हणजे शिपिंगचे 7 डॉलर लागले की ऑनलाइनची स्वस्ताई संपली.

आता 8 पेट्यांचे 2,600 वर्षभरात हप्त्यांनी फेडले तरी व्याज साधारण 350 जाईल, म्हणजे भाव 13-14 टक्के वाढले तरच तुम्ही जेमतेम बरोबरीत. आणि भाव उतरतातही हो, 2020-21 च्या टंचाईत लोकांनी वाट्टेल त्या भावानं साठा केला आणि नंतर तोच माल बराच स्वस्त मिळायला लागला. शिवाय ऑलिंपिक नेमबाज किम रोड यांच्या केसमध्ये जुलै 2025 ला नाइन्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाच्या बेंचनं 2-1 नं चेकचा नियम घटनाबाह्य ठरवला, त्यानं नियम लगेच उठला नाही, डिसेंबर 2025 मध्ये तर तो निकाल बाजूला ठेवून केस मोठ्या बेंचकडं फेरसुनावणीला गेली, पण उद्या उठलाच तर हा वरखर्च कमी होईल (11 टक्के टॅक्स वेगळ्या कायद्याचा, तो राहणारच).

तेव्हा एकच पेटी घ्या, रोखीनं, पाच महिने पुरेल.

तुमचा व्हिसा कुठला ते लिहिलं नाहीत. ग्रीन कार्ड असेल तर ठीक, पण एच-1बी वर असाल तर हंटिंग लायसन्ससारखा अपवाद सोडला तर फेडरल कायद्यानं गोळ्या जवळ बाळगताच येत नाहीत, मग वरचं सगळं गणित बाजूला ठेवून आधी इमिग्रेशन वकिलाला गाठा, त्याची फी या पेट्यांपेक्षा फार स्वस्त पडेल. आणि मित्र म्हणतोय तसं शेजारच्या नेवाडा राज्यातल्या रिनोहून डिकीत घालून आणायचं तर अजिबात नको, कॅलिफोर्नियात राहणाऱ्यानं बाहेर घेतलेला माल आधी इथल्या लायसन्सवाल्या दुकानातूनच यावा लागतो.