हिरव्या वजनावर जाऊ नकोस

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. चाऱ्यावर काम करायचं ठरवलंस हे वाचून खूप बरं वाटलं, आणि सोबतच "सगळे गहू-भाताच्या मागे आहेत, मग गवतात काय मिळणार" असंही विचारलंस. अरे, गहू, भात, मका, ज्वारी ही सगळी गवतंच की, एकाच कुळातली. फरक एवढाच की तिथे दाणा मोजला की बरंचसं काम होतं, आणि चाऱ्याचा रिझल्ट मात्र शेतात लागतच नाही, तो जनावराच्या पोटात लागतो.

हे मला उशिरा कळलं. पहिल्याच ट्रायलमध्ये मी चार-पाच वाण लावले, कापले, तिथल्या तिथे काट्यावर ठेवले आणि सगळ्यात जास्त वजनाच्या वाणाला पहिला नंबर देऊन टाकला. नंतर सॅम्पल वाळवले तर तोच वाण तिसरा आला, बाकीचं सगळं पाणी होतं. कोवळ्या चाऱ्यात 80 टक्क्यांहून जास्त पाणी असू शकतं, वरून सकाळी दव असताना एक प्लॉट कापला आणि दुपारी दुसरा, मग तुलना कसली करणार? म्हणून प्रत्येक प्लॉटचं सॅम्पल लगेच पिशवीत घालून वजन करायचं, मग 60-65 डिग्रीला ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचं. घाई करून तापमान वाढवलंस तर सुकेल लवकर, पण प्रोटीन तंतूंना चिकटून बसतं आणि पुढचे गुणवत्तेचे आकडे बिघडतात. आणि कापणीची उंची, ती तर लिहून ठेवच, कारण एकाने जमिनीलगत कापलं आणि दुसऱ्याने वीतभर वरून, तर तो फरक वाणाचा नसतो, विळ्याचा असतो.

पुढचा पेच त्याहून मोठा. गवत जितकं वाढू देशील तितकं उत्पादन जास्त, पण पानं कमी आणि खोड जास्त, लिग्निन म्हणजे खोड कडक करणारा, न पचणारा घटक वाढतो, पचनीयता घसरते. म्हणजे उत्पादनाचा आलेख वर जातोय आणि गुणवत्तेचा खाली, आणि कापायचं कधी हे तुला ठरवायचंय. वेगवेगळ्या वाढीच्या अवस्थेतले वाण एकाच तारखेला कापून "हा जास्त पचनीय" म्हणणं ही फार कॉमन चूक आहे, मी रिपोर्ट तपासताना सगळ्यात आधी तेच बघतो. पचनीयतेसाठी टिली आणि टेरी यांची 1963 ची पद्धत एकदा तरी स्वतःच्या हाताने कर, 48 तास गुरांच्या कोठीपोटातल्या (चारा आधी आंबतो त्या मोठ्या कप्प्यातल्या) द्रवात आणि मग 48 तास आम्ल-पेप्सिनमध्ये. आता एनआयआर मशीन (नमुन्यावर अवरक्त प्रकाश टाकून मोजणारं) मिनिटाभरात आकडा देतं, पण ते मशीन असल्याच केमिस्ट्रीच्या आकड्यांवर शिकवलेलं असतं, ते आकडे चुकीचे तर मशीनही चुकीचंच सांगणार.

एक गोष्ट मी प्रत्येक नव्या मुला-मुलीला सांगतो, टॉल फेस्क्यू नावाच्या चाऱ्याच्या गवताची. अमेरिकेत केंटकीतल्या एका डोंगरउतारावर 1931 साली हे गवत नजरेत आलं, 1943 मध्ये 'केंटकी 31' नावाने वाण बाहेर आला आणि लाखो एकरांवर पसरला. कणखर, दुष्काळ सोसणारं, कागदावर सगळं उत्तम. पण जनावरं मात्र खंगायची, उन्हात धापा टाकायची, थंडीत काहींचे खूर आणि शेपटीची टोकं सडायची. नेहमीच्या केमिकल टेस्टमध्ये काही सापडेना. शेवटी 1977 मध्ये चार्ल्स बेकन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गवताच्या आत एक बुरशी राहते, बाहेरून अजिबात दिसत नाही, बियाण्यातून पुढच्या पिढीत जाते. तिच्यापासून तयार होणारी अल्कलॉइड्स नावाची विषारी रसायनं रक्तवाहिन्या आकसून टाकतात. मग काय, बुरशी नसलेले वाण काढले, जनावरं सुधारली, पण गवत टिकेना, कारण त्याचा कणखरपणा बराचसा त्या बुरशीमुळेच होता! शेवटी जनावराला त्रास न देणारी बुरशी शोधून ती गवतात घालावी लागली. इथपर्यंत यायला अनेक दशकं गेली. मला आजही वाटतं की सुरुवातीलाच चार जनावरं त्यावर नीट चारून बघितली असती तर बराच काळ वाचला असता.

म्हणून बहुवर्षायू गवताचा पहिल्या वर्षाचा डेटा बघून निष्कर्ष काढू नकोस. पहिल्या वर्षी सगळीच छान दिसतात, खरं तिसऱ्या वर्षी कळतं, फुटवे किती जगले, मधे टकलं किती पडली. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात पार्क ग्रास नावाचा गवताचा प्रयोग 1856 पासून चालू आहे. खतांनी वाळवलेल्या चाऱ्याचं उत्पादन किती वाढतं एवढंच बघायचं होतं, पण दोन-तीन वर्षांतच प्लॉटमधल्या जाती बदलायला लागल्या, आणि चुना न देता अमोनियम सल्फेट टाकत राहिलेल्या जागी शेवटी मोजक्याच उरल्या. तिथे जुने वाळलेले नमुने जपून ठेवले, म्हणून कित्येक वर्षांनी कुणाच्या डोक्यातही नसलेले प्रश्न त्यांना विचारता आले. तूही सॅम्पल फेकू नकोस, लेबल पेन्सिलीने लिही, शाई उडते.

हो, आणि फुलोरा नसताना गवत ओळखायला शीक. पानाचं पातं आणि खोडाला वेढणारं आवरण जिथे जुळतात तिथली छोटी जिव्हिका भिंगातून बघ, पडद्यासारखी आहे की केसांची झालर आहे. ट्रायलमध्ये घुसलेलं तण ओळखता आलं नाही तर त्याचंही वजन आपल्याच वाणात धरलं जातं.

पहिली कापणी झाली की ओलं वजन, सुकं वजन, उंची आणि वाढीची अवस्था असे चारही कॉलम पाठव, सरासरी काढलेले नकोत, प्लॉटवार कच्चे आकडे पाठव. मी बसून बघतो.

तुझा,
दादा