लिस्बनमध्ये जेवणाखाण्याचा रोजचा खर्च किती धरावा? शाकाहारी माणसाची सोय होते का?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरअखेर आई-बाबांना घेऊन सहा दिवस लिस्बनला चाललात, हॉटेलात नाश्ता नाही, आई शाकाहारी (अंडं चालतं), बाबा चिकन-मासे खातात, आणि तिघांचं रोजचं खाणं पन्नास युरोत बसेल का.

बसेल, पण मग रात्रीचं जेवण सुपरमार्केटच्या पिशवीतून खोलीवर. पंच्याहत्तर धरलेत तर दुपारी नीट बसून जेवाल, संध्याकाळी काहीतरी तोंडात टाकाल आणि रात्रीही बाहेर हलकं खाता येईल. हिशेबाला एक युरो म्हणजे शंभर रुपये धरा. मी आरोयोस भागात अडीच वर्षं राहिले आणि त्यात माझे आई-बाबा महिनाभर येऊन गेले, त्यामुळे तुमच्यासारख्याच तिकडीला मी या गावात जेवायला घातलेलं आहे.

एक गोष्ट पक्की करा: मुख्य जेवण दुपारी. लिस्बनमध्ये स्वस्त-महाग हे पदार्थावर कमी आणि घड्याळावर जास्त ठरतं. साध्या खानावळीला तिथे 'ताश्का' म्हणतात. दुपारी साडेबारा ते तीनच्या दरम्यान तिथे 'प्रातु दु दिया' असतो, म्हणजे आजचं ताट. (प्रातु म्हणजे ताटली. आपली 'परात' तिथूनच आली.) हे ताट 8 ते 12 युरोला पडतं. पुष्कळ ठिकाणी त्यातच सूप, पेय आणि शेवटची कॉफी धरलेली असते. तोच मासा रात्री, मेणबत्ती लावलेल्या टेबलावर, सहज अठराला जातो. तीननंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट साडेसातला उघडतात, त्यामुळे "जरा फिरून मग जेवू" केलंत तर चार वाजता पर्यटकांच्या गल्लीत दुप्पट पैसे मोजून गार पास्ता खाल. आम्ही खाल्लाय.

ताश्का ओळखायची कशी? काचेवर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला असतो, रोज नवा. टेबलावर कागदाचं आच्छादन. आमच्या घराखालच्या ताश्कातला म्हातारा वाढपी बिल त्या टेबलाच्या कागदावरच पेनाने मांडायचा: सूप, मासा, दोन कॉफ्या, खाली रेघ, बेरीज, मग तेवढाच तुकडा फाडून गल्ल्यावर न्यायचा. जिथे दारात उभं राहून कोणी इंग्रजीत बोलावतंय आणि मेनूवर ताटांचे रंगीत फोटो आहेत, तिथे पुढे चला. रुआ ऑगुश्ता आणि बायशा भागात हे जास्त. आरोयोस, अल्वालाद, काम्पु द ओरीकु, इथे मेट्रो किंवा ट्रामने पंधरा-वीस मिनिटांत जाता येतं आणि ताटामागे तीन-चार युरो वाचतात.

ऑर्डर देताना दोन शब्द लक्षात ठेवा: 'दोझ' म्हणजे पूर्ण वाढप आणि 'मेया दोझ' म्हणजे अर्धं. पूर्ण दोझ आपल्या दोन माणसांना होतं, ही अतिशयोक्ती नाही. भात आणि बटाटे दोन्ही एकाच ताटात येतात. बटाट्याला तिथेही 'बटाटा'च म्हणतात, त्यामुळे आई निदान एक शब्द पहिल्या दिवसापासून बोलेल.

आता 'कुवेर'. बसल्याबसल्या वाढपी न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह, एखादं छोटं चीज आणून ठेवतो. आपल्याला वाटतं, पापड-लोणच्यासारखं असेल. नसतं. पहिल्याच आठवड्यात आम्ही चौघं मैत्रिणी एका ठिकाणी गप्पा मारत सगळं चाटूनपुसून खाल्लं आणि बिलात साडेतेरा युरो निव्वळ त्याचे. भांडायलाही जागा नव्हती, कारण भाव मेनूवर छापलेले होते. तिथला कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे: तुम्ही मागितलं नाही आणि हातही लावला नाही, तर त्याचे पैसे लावता येत नाहीत. नको असेल तर हसून "नाँव, ओब्रिगादु" म्हणा (म्हणणारी बाई असेल तर ओब्रिगादा), उचलून नेतात, कोणाला राग येत नाही. पण पाव ठेवून घ्या. एक-दीड युरोचा असतो आणि सुपाबरोबर लागतोच.

आईचं बघू. लिस्बनमधलं शाकाहाराचं संकट असं की मांस दिसतं तिथे नसतं, ते लपलेलं असतं. 'सोपा' म्हणजे सूप, दोन-तीन युरो, रोज मिळतं, घट्ट आणि पोटभरीचं. पण कोबीसारख्या हिरव्या पाल्याचं जे प्रसिद्ध 'काल्दु वेर्द' आहे, त्यात डुकराच्या सॉसेजची चकती तरंगत असते. (तो पाला म्हणजे 'कोव्ह', आपल्या 'कोबी'चं मूळ.) 'सैं शोरीसु' म्हणजे चकती नको, एवढं सांगून भागत नाही, कारण कधीकधी ती आधीच उकळलेली असते. आईसाठी 'सोपा द लेगूमश' मागा आणि "सैं कार्न, सैं पैश" (मांस नको, मासा नको) दोन्ही म्हणा. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं तर ट्युना घातलेलं सॅलड येऊ शकतं.

काउंटरच्या काचेत समोसा दिसेल. हुबेहूब आपला त्रिकोण, नाव 'शामूसा'. गोवा आणि मोझांबिकच्या वाटेने तो लिस्बनच्या कॅफेत जाऊन बसला आणि आता तिथलाच झाला. आईने आनंदाने हात घालायच्या आधी थांबवा, आत बहुतेक वेळा खिमा असतो.

तिच्यासाठी खरी मेजवानी म्हणजे 'पैशिन्युश दा ओर्ता', शब्दशः 'बागेतले छोटे मासे'. मासा औषधालाही नाही. फरसबीच्या शेंगा पिठात बुडवून तळलेल्या. जपानी टेंपुराचं मूळ पोर्तुगीजांच्या अशाच तळणात आहे असं मानतात. माझ्या बाबांनी पहिला तुकडा मोडला, आत हिरवी शेंग बघितली आणि म्हणाले, "अगं, ही तर फरसबीची भजी! यासाठी विमानाने आणलंस होय?" आणि दुसरी प्लेट मागवली. पाच ते सात युरो. याशिवाय ऑम्लेट-बटाटा-सॅलड कुठल्याही ताश्कात सात-आठ युरोत करून देतात. टोस्ट घेताना 'तोश्ता मीश्ता' नको, त्यात हॅम असतं. 'तोश्ता द कैजु' म्हणजे नुसतं चीजचं.

चीजचं एक सांगते, कारण कट्टर शाकाहारी लोक रेनेटमुळे (दूध विरजायला वापरतात तो वासराच्या जठरातला पदार्थ) चीज टाळतात. लिस्बनच्या दक्षिणेला आझैताँव म्हणून गाव आहे, तिथलं मेंढीच्या दुधाचं चीज एका काटेरी झाडाच्या फुलांनी विरजतात, प्राण्याच्या जठरातल्या रेनेटने नाही. सेर्रा दा एश्त्रेलाचंही तसंच. वरचं टोपण कापून आतलं मऊ चीज चमच्याने काढून पावाला लावायचं. आझैताँवचं छोटं गोल चीज सुपरमार्केटात सहा-आठ युरोला मिळतं आणि दोन रात्री पुरतं.

रात्रीच्या सुपरमार्केटच्या जेवणाला नाकं मुरडू नका. पिंगु दोस किंवा कोंतिनेंतमध्ये 'पापु सेकु' नावाचे छोटे पाव वीस-पंचवीस सेंटला एक, ताजे असतात. बाहेरून कडक, आतून आपल्या पावासारखे. त्याबरोबर चीज, टोमॅटो, संत्री. 'पेरा' अशी पाटी दिसली तर पेरू समजू नका, ती नासपती, पण फार गोड. तिघांचं दहा-बारा युरोत होतं. नळाचं पाणी पिण्यालायक आहे, बाटल्यांवर पैसे घालवू नका. हॉटेलात "आग्वा दा तुर्नैरा" म्हणून नळाचंच मागा.

बाबांना काही अडचणच नाही. निखाऱ्यावर भाजलेली अर्धी कोंबडी, वर तिखट पिरी-पिरी, आठ-दहा युरो. भाजलेला 'दौरादा' मासा ताश्कात दहा-तेराला अख्खा येतो. ताजे सार्डीन मात्र उन्हाळ्याचे. 12 जूनच्या रात्री, सांतु अँतोनियुच्या सणाला, अल्फामा या जुन्या वस्तीत सगळीकडे त्यांचा धूर असतो, ऑक्टोबरअखेर मिळाले तर बहुधा बर्फातले. एकच सावध राहा: जिथे मासा बर्फावर मांडलेला असतो आणि भाव किलोवर लिहिलेला असतो, तिथे आधी तोलून, एकूण किती होतील ते विचारून मगच हो म्हणा. 'बिफाना' म्हणजे पावात डुकराचं मांस आणि 'प्रेगु' म्हणजे गाईचं, हे माहीत असू दे.

नाश्ता स्वस्त आहे. कॅफेत शिरल्यावर उभं राहायचा जो कट्टा, त्याला 'बाल्काँव' म्हणतात. गोव्यातल्या घरांच्या ओसरीला म्हणतात तोच शब्द, फक्त इथे बसायचं नाही, उभं राहायचं. उभ्याने 'बीका' (छोटी कडक कॉफी) एक युरोच्या आतबाहेर. तीच बाहेर फुटपाथवरच्या खुर्चीत बसून घेतली की दीड-दोन. आई-बाबांना 'गलाँव' आवडेल, उंच ग्लासात भरपूर दुधाची. त्यासोबत टोस्ट, की माणशी साडेतीन-चार. पैसे देताना "कोंत्रिबुइंत?" असं काहीतरी विचारतील. ते तिथल्या लोकांचा करदाता क्रमांक मागतात, तुम्ही "नाँव" म्हणा. टेबलावर असाल तर "किरिया पगार": पैसे द्यायचे आहेत. आपला 'पगार' हा तोच शब्द. कर भावातच धरलेला असतो. टिप सक्तीची नाही, आम्ही सुटे ठेवायचो. लहान ताश्कात परदेशी कार्ड कधीकधी चालत नाही, म्हणून पन्नासेक युरो रोख जवळ ठेवा आणि ते 'मुल्तिबांकु' लिहिलेल्या मशीनमधून काढा. पर्यटकांच्या चौकातली रंगीबेरंगी मशीनं भाव वाईट देतात.

'पश्तेल द नाता' (कस्टर्ड भरलेला छोटा, खुसखुशीत गोड टार्ट) कुठेही सव्वा-दीड युरोला मिळतो. बेलें भागातलं त्याचं 1837 सालचं दुकान बघायलाच हवं, आणि बाहेरची रांग बघून परतू नका. ती बहुतेक पार्सलची असते, आत निळ्या फरशांची दालनंच्या दालनं आहेत. गरम असताना दालचिनी भुरभुरून खा. त्यात अंड्याचा बलक असतो. आईला अंडं चालतं म्हणून निर्धास्त सांगतेय.

तुमच्या तारखांना रस्त्यात गाड्यांवर चेस्टनट भाजत असतील, जाड मिठात, पांढरा धूर सोडत. डझनाचा कागदी पुडा तीन-चार युरो. संध्याकाळच्या भुकेला तिघांत एक पुरतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी आईला वरण-भात आठवेलच. मार्तिं मोनीझ चौकाच्या मागच्या गल्ल्यांत भारतीय-बांगलादेशी दुकानं आणि साधी हॉटेलं आहेत. लुमियार भागात राधा-कृष्ण मंदिर आहे, तिथे शाकाहारी गुजराती पद्धतीचं जेवण मिळतं. निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्या. रविवारी बरेच ताश्का बंद असतात, म्हणून मंदिर किंवा बेलें यांपैकी एक त्या दिवसावर टाका.