साताऱ्याहून साठीपुढच्या आईबाबांना घेऊन इजिप्त आणि जॉर्डन करायचंय. खासगी गाईड घेणं परवडतं का?

चौघे असाल तर जरूर घ्या, पण रोज नको. इजिप्तमधलं लक्झर आणि जॉर्डनमधलं पेट्रा इथेच गाईडचे पैसे वसूल होतात. लक्झरच्या कर्नाक मंदिरातल्या १३४ खांबांच्या दालनात कोणी सांगणारं नसेल तर दहा मिनिटांत नुसते फोटो काढून बाहेर पडाल. तिथल्याच राजांच्या खोऱ्यात (जुन्या इजिप्शियन राजांची थडगी आहेत ती जागा) मात्र थडग्यांच्या आत गाईडला सहसा बोलू देत नाहीत, सगळं बाहेरच ऐकून घ्यायचं. तिथल्या साध्या तिकिटात तीनच थडगी बघता येतात, तुतनखामुन राजाच्या थडग्याचं तिकीट वेगळं.

पेट्राला दोन दिवस द्याच. एका दिवसात उरकणारे सहलवाले मला पटत नाहीत. आत शिरायची सिक नावाची अरुंद घळ साधारण सव्वा किलोमीटर, ती पार केली की समोर ‘खजिना’ म्हणतात ती कातळात कोरलेली इमारत. तिथपर्यंत आईबाबा आरामात जातील. वरच्या मठाला जायला मात्र सुमारे ८०० पायऱ्या आहेत. सज्जनगड न थांबता चढत असतील तरच विचार करा.

जॉर्डन पास निघण्याआधीच ऑनलाइन काढा. किमान तीन रात्री राहिलात तर व्हिसाची फी माफ होते आणि पेट्राचं तिकीटही त्यातच येतं. कैरो ते अम्मान विमानानेच जा. समुद्रमार्गे जॉर्डनच्या अकाबा बंदराला बोटही जाते, पण वयस्कर माणसांना घेऊन ती दगदग कशाला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, स्वेटर घ्या. आणि गाईड ठरवताना दुकानांत नेणार नाही हे लेखी घ्या, नाहीतर अर्धा दिवस पपायरसच्या कागदावरची चित्रं आणि अत्तरातच जातो.